राष्ट्रपतींच्या निवडणुकीला आव्हान देणारे डॉ. खरे

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीबाबत वाद उद्भवला, तर निवाडा कोणी करायचा? १८७७मध्ये या प्रश्नाने अमेरिकेला पेचात टाकले होते. हेज आणि टिल्डन यांच्यातील वीस वादग्रस्त मतांचा निर्णय करण्यासाठी तेथे पाच सिनेटर, पाच लोकप्रतिनिधी व पाच न्यायमूर्तींचा आयोग नेमला गेला. आयोगाने आठ विरुद्ध सात अशा पक्षनिष्ठ कौलाने सर्व मते हेज यांना दिली. ते १८५ विरुद्ध १८४ मतांनी अध्यक्ष झाले. भारतीय राज्यघटनेने हे काम अनुच्छेद ७१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाकडे सोपविले. या तरतुदीची कसोटी पाहिली ती डॉ. नारायण भास्कर खरे यांनी.

डॉ. खरे यांचा जन्म १८८४मध्ये पनवेलचा. लाहोरला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी नागपूर ही कर्मभूमी मानली. १९३७मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री झाले; परंतु मंत्रिमंडळातील मतभेद विकोपाला जाऊन वर्षभरातच त्यांना पायउतार व्हावे लागले. काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना दोषी ठरविले आणि त्यांची वाट वेगळी झाली. पुढे व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ, अलवर संस्थानचे पंतप्रधानपद, हिंदू महासभेचे अध्यक्षपद आणि १९५२मध्ये ग्वाल्हेरमधून लोकसभा असा त्यांचा प्रवास झाला.

१९५७च्या राष्ट्रपती निवडणुकीच्या वेळी बर्फाळ हवामानामुळे हिमाचल प्रदेश व पंजाबातील काही मतदारसंघांत मतदान झालेले नव्हते. निर्वाचकगण अपूर्ण असताना राष्ट्रपती निवडता येणार नाही, असा आक्षेप घेऊन डॉ. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले. निवडणूक पूर्ण होण्यापूर्वी हस्तक्षेप करता येत नाही, या कारणास्तव अर्ज फेटाळला गेला. डॉ. राजेंद्रप्रसाद पुन्हा निवडून आल्यावर ते पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढले. या वेळी अडसर कायद्याचा होता. १९५२च्या कायद्यानुसार केवळ उमेदवार किंवा किमान दहा मतदारांनाच याचिकेचा अधिकार होता. डॉ. खरे यांपैकी कोणत्याच निकषात बसत नव्हते. निवडणुकीला आव्हान देण्याचा हक्क कायद्यानेच मिळतो, सामान्य नागरिकाला तो आपोआप नसतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दोन्ही वेळा डॉ. खरे हरले, त्यांच्या मूळ आक्षेपाचा गुणदोषांवर निकाल लागलाच नाही. तथापि त्यांनी दाखविलेली फट संसदेला दुर्लक्षिता आली नाही. १९६१मध्ये अकरावी घटनादुरुस्ती करून निर्वाचकगणातील रिक्त जागांच्या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येणार नाही, असे नमूद करण्यात आले. डॉ. खरे यांचे १९७०मध्ये निधन झाले. चारच वर्षांनी, गुजरात विधानसभा विसर्जित असताना राष्ट्रपती निवडणूक घ्यावी काय, हा प्रश्न उपस्थित झाला. निवडणूक घेता येते, असे मत सर्वोच्च न्यायालयाने दिले आणि ती वेळेवर पार पडली. डॉ. खरे यांनी उपस्थित केलेल्या शंकेचे उत्तर तोवर राज्यघटनेतच लिहिले गेले होते.