दुखऱ्या पाठीने दाखविलेली वाट

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचे लेझीम पथक मैदानात उतरले, तेव्हा मी प्रेक्षकांत बसले होते. एस.टी.तून उतरताना पाय घसरण्याचे निमित्त झाले आणि कंबरेने माझ्याशी धरलेले वैर अजूनही पुरते सोडलेले नाही. घरी-दारी सगळ्यांचा एकच उपदेश होता, पडून राहा. मी पडून राहिले. दुखणे गेले नाही. मैत्रिणींचे येणे मात्र हळूहळू कमी झाले. दुखणारा माणूस एकटा पडतो, हे मला तेव्हा प्रथम कळले.

पुढे मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी वाचन करताना मेरियन चेस या बाईंचा परिचय झाला. त्यांच्या चरित्राची सुरुवातही दुखऱ्या पाठीनेच होते, म्हणून मी ते जरा अधिकच आपुलकीने वाचले.

मेरियन चेस यांचा जन्म १८९६ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या गावी झाला. ऐन उमेदीच्या वयात पाण्यात सूर मारताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पाठ बळकट व्हावी म्हणून डॉक्टरांनी त्यांना नृत्य सुचविले. त्या काळात हा सल्ला धाडसाचाच म्हटला पाहिजे. औषध म्हणून जवळ केलेले नृत्य पुढे त्यांचे जीवितकार्य झाले. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन या दांपत्याच्या ‘डेनिशॉन’ या नामांकित संस्थेच्या न्यूयॉर्क येथील शाळेत त्या शिकल्या. (याच दांपत्याची नृत्यमंडळी १९२५-२६च्या आशिया दौऱ्यात आपल्या देशातही येऊन गेली होती.) १९३०च्या सुमारास वॉशिंग्टनला परतून त्यांनी नृत्याचे वर्ग सुरू केले.

वर्गात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. येणाऱ्या कितीतरी मुलींना नर्तकी व्हायचे नव्हते. मग त्या येत कशासाठी? कुणी अवघडलेली, कुणी बुजरी, कुणी मनातून खचलेली. चेस पावलांइतकेच पावले टाकणाऱ्या व्यक्तीकडे पाहू लागल्या. हळूहळू डॉक्टर आपले रुग्ण त्यांच्याकडे पाठवू लागले.

१९४२ साली सेंट एलिझाबेथ्स या वॉशिंग्टनमधील मोठ्या मनोरुग्णालयाने त्यांना बोलाविले. दुसऱ्या महायुद्धाने मन विस्कटलेले सैनिक तेथे येत होते. मनोविकारांवरील आजची औषधे तेव्हा निघाली नव्हती. महिनोन्‌महिने न बोलणाऱ्या रुग्णांशी संवाद साधायचा तरी कसा? चेस संगीत लावीत आणि रुग्णांना वर्तुळात उभे करीत. कुणी नुसता हात हलविला, कुणी जागच्या जागी झुलला, तर तीच हालचाल त्या स्वतःच्या अंगाने उचलीत. तिची नक्कल म्हणून नव्हे, तर तिला उत्तर म्हणून. आपले कुणाला तरी कळले, एवढी खात्री पटली की मिटलेला माणूस किंचित उघडे. मग एकाच ताली साऱ्यांची पावले पडत.

या कामाला पुढे नृत्योपचार हे नाव रूढ झाले. १९६६ साली अमेरिकेत नृत्योपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या अध्यक्षा चेसच झाल्या. १९७० साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे मुख्य कार्य मनोरुग्णांत झाले हे खरे. पण आज जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठीही नृत्योपचाराचा उपयोग केला जातो. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. जुनाट दुखण्यात प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा असतेच असे नाही. पण कळेच्या भीतीने माणूस हालचाल टाळतो. त्यामुळे स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, मन खंगते आणि तेच दुखणे दुप्पट वाटू लागते. झेपेल तेवढी, तज्ज्ञांच्या सल्ल्याने केलेली हालचाल हे चक्र सैल करते. त्यात संगीत आणि सोबत असली, की केवळ दुखण्यावर खिळलेले लक्षही थोडे सुटते.

नृत्याने दुखणे पार नाहीसे होते, असा माझा दावा नाही. माझी कंबर आजही थंडीत कुरकुरते. पण डॉक्टरांना विचारून या वर्षी मी सरावाला जाऊ लागले आहे. शेवटच्या रांगेत उभी राहते, खाली वाकण्याचे प्रकार सोडून देते. परवा हलगीचा ठेका चढला आणि मी मागे पडू लागले. तेव्हा शेजारच्या मुलीने काही न बोलता आपले पाऊल आखूड केले, माझ्या पावलाएवढे. मेरियन चेस यांचे नावही तिने ऐकलेले नसेल. पण त्यांनी आयुष्यभर जे केले, ते याहून फारसे वेगळे नव्हते, असे मला त्या क्षणी वाटले.