बोरघाटात रेल्वे चढवणारा इंजिनियर : जेम्स बर्कली

मी मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये काम करतो. ट्रेनने मुंबईला जाताना बोगद्यांत मोबाईलची रेंज गेली की चिडायचो. मग हा घाट कसा बांधला ते वाचलं आणि चिडणं थांबलं.

जेम्स जॉन बर्कली यांचा जन्म १८१९ चा, इंग्लंडमधला. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते रेल्वेचं काम शिकले. १८५० मध्ये जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनियर म्हणून मुंबईत आले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून रूळ कल्याणला पोचले.

खरी परीक्षा बोरघाटात होती. सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढायचं. सगळ्यात तीव्र चढ ३७ फुटांत १ फूट. इंजिनाला याहून जास्त झेपलं नसतं, त्यामुळे दरी आली तरी रूळ खाली उतरवता येत नव्हते. म्हणून २५ बोगदे आणि दगडी कमानींचे ८ उंच पूल. कमानच का? कारण ती वरचं वजन दोन्ही बाजूंच्या खांबांवर ढकलते आणि दगड दाबाला चांगला टिकतो. एका ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती. तिथे गाडी थांबवून उलट्या दिशेने पुढे न्यायची, असा तोडगा काढला.

काम १८५६ मध्ये सुरू झालं. १८६१ मध्ये इथे ४२,००० हून जास्त मजूर राबत होते. रोगराईने आणि अपघातांनी हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर काही दिवसांतच वारले. मग त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवलं.

बर्कलींचीही तब्येत ढासळली. ते इंग्लंडला परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी गेले. घाट खुला झाला एप्रिल १८६३ मध्ये.

गोष्ट इथे संपत नाही. १८६७ मध्ये घाटातला एक मोठा पूल कोसळला. आखणी बरोबर होती, पण दगडी बांधकाम कच्चं निघालं. इतर पुलांचीही डागडुजी करावी लागली.

बर्कलींचं कौतुक कमी होत नाही. पण रिलीजच्या घाईत टेस्टिंग उरकून टाकायचा मोह झाला, की मला हल्ली तो पूल आठवतो.