लिओनार्ड ऑयलर

लिओनार्ड ऑयलर (१५ एप्रिल, १७०७:बासेल, स्वित्झर्लंड - १८ सप्टेंबर, १७८३:सेंट पीटर्सबर्ग, रशिया) हे स्विस गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. अवकल समीकरणांची उत्तरे टप्प्याटप्प्याने काढण्याची त्यांची पद्धत आज संगणकाद्वारे चित्रे निर्माण करणाऱ्या प्रवाह-प्रतिमानांतही वापरली जाते.

जीवन

ऑयलर यांचे वडील पाद्री होते. योहान बर्नुली यांनी त्यांची गणितातील प्रतिभा ओळखली. १७२७ मध्ये ऑयलर सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत रुजू झाले. १७४१ ते १७६६ या काळात ते बर्लिनच्या अकादमीत होते. त्यानंतर ते रशियाला परतले. १७३८ च्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि १७७१ मधील शस्त्रक्रियेनंतर ते जवळजवळ पूर्णपणे अंध झाले. तरीही असाधारण स्मरणशक्तीच्या बळावर ते मनातल्या मनात आकडेमोड करीत आणि मुलगा योहान आल्ब्रेख्ट व इतर साहाय्यकांकडून मजकूर लिहवून घेत. चंद्राच्या गतीवरील त्यांचा १७७२ चा ग्रंथ याच काळातील आहे.

ऑयलर पद्धत

समाकलनावरील त्यांच्या ग्रंथाच्या १७६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात ही पद्धत आढळते. ज्ञात बिंदूपाशी वक्राचा चढ काढावा, त्या दिशेने सरळ रेषेत थोडे पुढे जावे आणि नव्या बिंदूपाशी पुन्हा चढ काढावा, असा तिचा क्रम आहे. टप्पा निम्मा केल्यास अंतिम चूक साधारणपणे निम्मी होते, परंतु आकडेमोड दुप्पट होते.

आधुनिक उपयोग

प्रवाह-प्रतिमानात न्यूरल नेटवर्क प्रत्येक बिंदूपाशी वेग सांगते. त्या वेगानुसार यादृच्छिक संख्यांपासून चित्रापर्यंतचा मार्ग अनेकदा ऑयलर पद्धतीने आखला जातो. प्रत्येक टप्प्याला संपूर्ण नेटवर्क चालवावे लागत असल्याने अनेक टप्पे खर्चिक ठरतात. मार्ग वक्र असताना टप्पे कमी केल्यास चित्र बिघडते. यावर दोन प्रमुख उपाय आहेत. पहिल्यात मार्गच शक्य तितका सरळ केला जातो, कारण स्थिर वेगाच्या सरळ मार्गावर ऑयलर यांचा एकच टप्पा अचूक असतो. दुसरा उपाय डिस्टिलेशनचा आहे. त्यात शिक्षक-प्रतिमान अनेक लहान टप्प्यांनी जेथे पोहोचते, तेथे एका मोठ्या टप्प्यात पोहोचण्यास विद्यार्थी-प्रतिमानाला शिकवले जाते. त्यामुळे एक ते चार टप्प्यांतही चित्र तयार होऊ शकते. मात्र त्यासाठी वेगळे प्रशिक्षण द्यावे लागते आणि चित्रांतील बारकावे किंवा वैविध्य घटण्याचा धोका राहतो.