डेनिस रिची: युजर बदलला, पण एन्व्हायर्नमेंटचं काय?

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपला सहसा स्वतःचा वेगळा युजर आयडी मिळतो. म्हणूनच एखादा गेम तुमच्या बँकेच्या अ‍ॅपच्या खासगी फाईल्स उघडू शकत नाही. या विचाराचं मूळ शोधायला गेलो की मी दर वेळी युनिक्सपाशी आणि डेनिस रिची यांच्यापाशी पोहोचतो.

रिची यांचा जन्म 9 सप्टेंबर 1941 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकून 1967 मध्ये तेही तिथेच लागले. 1969 मध्ये केन थॉम्पसन यांच्यासोबत युनिक्स उभं राहिलं. पुढे रिचींनी सी भाषा बनवली आणि 1973 मध्ये युनिक्सचा कर्नल सीमध्ये नव्याने लिहिला गेला.

मला मात्र त्यांचं एक छोटं काम जास्त भावतं: सेटयूआयडी बिट. पासवर्डच्या फाईलला कुणीही हात लावता कामा नये, पण स्वतःचा पासवर्ड तर प्रत्येकाला बदलता आला पाहिजे. मग करायचं काय? प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नाही, तर प्रोग्रॅमच्या मालकाच्या अधिकाराने चालवायचा. त्यासाठी फाईलवर फक्त एक बिट. 1973 मध्ये अर्ज, 1979 मध्ये पेटंट, आणि नंतर ते सगळ्यांसाठी खुलं.

त्याच 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आले. होम, पाथ अशी नावं आणि त्यांच्या किमती, एका प्रोग्रॅमकडून पुढच्याला वारशाने मिळणाऱ्या. गोम इथेच आहे. सर्व्हरचा डेमन रूट म्हणून सुरू होतो, पोर्ट 80 घेतो आणि मग साधा युजर बनतो. कर्नल बदलतो तो फक्त आयडी. होम अजून रूटचंच! मग प्रोग्रॅम सेटिंग शोधायला रूटच्या फोल्डरमध्ये जातो आणि परवानगी नाही म्हणून अडतो.

उलट्या दिशेचा धोका मोठा. साध्या युजरने स्वतःचा पाथ देऊन सेटयूआयडी प्रोग्रॅम चालवला आणि त्या प्रोग्रॅमने दुसरी कमांड नुसत्या नावाने बोलावली, तर नकली कमांड रूटच्या अधिकाराने चालू शकते. म्हणून सूडो बहुतेक व्हेरिएबल आधीच पुसतं. सिस्टमडीमध्ये सर्व्हिसचा युजर ठरवला की होम नव्याने भरलं जातं. पण डेमनने स्वतःच युजर बदलला, तर ही सफाई त्यालाच करावी लागते.

रिची आणि थॉम्पसन यांच्या 1971 च्या मॅन्युअलमध्ये प्रोग्रॅमच्या उणिवा सांगणारा वेगळा भाग असायचा. ही सवय मला आजही हवीशी वाटते. डेमन लिहिलात तर तीन गोष्टी नोंदवाच: युजर बदलल्यावर कोणते व्हेरिएबल टिकतात, कोणते बदलतात, कोणते पुसले जातात. पुढच्या माणसाची रात्र वाचेल.

ऑक्टोबर 2011 मध्ये, स्टीव्ह जॉब्स गेल्यानंतर आठवड्याभरात, रिची त्यांच्या न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. बातमी छोटी होती. पण आयफोन असो की अँड्रॉइड, दोन्हींच्या पोटात त्यांचाच विचार चालू आहे.