विष्णू नावाची माणसे आणि गाण्याची शाळा

बी. ए. भाग २

आमच्या गावात विठ्ठल नावाचे सहा जण आहेत. पोस्टमन नवा असला की त्याची फजिती होते, गावकऱ्यांची मात्र कधीच होत नाही. एकाला बापाच्या नावावरून ओळखतात, दुसऱ्याला धंद्यावरून, तिसऱ्याला मोहल्ल्यावरून. मराठी रंगभूमी, संगीत आणि खेळतमाशे यांचा इतिहास वाचू लागले की असाच प्रकार 'विष्णू' या नावाबाबत आढळतो. सांगलीला 1843 साली 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाचा पाया घालणारे ते विष्णुदास भावे. घोडे शिकवता शिकवता पहिली भारतीय सर्कस उभारणारे ते विष्णुपंत छत्रे. वकिली सोडून रागांचे शास्त्र लिहिणारे ते विष्णू नारायण भातखंडे. प्रभातच्या 1936 च्या बोलपटात तुकाराम झालेले ते विष्णुपंत पागनीस. आणि ज्यांचे आडनाव सांगायची बहुधा गरजच पडत नाही, केवळ स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने जे ओळखले जातात, ते विष्णू दिगंबर. या लेखात मला मुख्यतः त्यांचीच जीवनकथा सांगायची आहे. परंतु ती समजण्यासाठी त्यांच्या दोन नामबंधूंकडे आधी थोडे पाहावे लागेल.

भावे, छत्रे आणि विष्णू दिगंबर हे तिघेही कृष्णाकाठच्या मुलखातले. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी ही सारी पटवर्धन घराण्याची संस्थाने. संस्थानिकाला गाण्याची, नाटकाची किंवा घोड्यांची आवड असली की गुणी माणसाच्या पोटाची सोय होई. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने भाव्यांचे पहिले नाटक झाले. चिंतामणराव 1851 साली वारले आणि तो आश्रय सरला. तेव्हा भाव्यांनी आपली मंडळी मुंबईला नेली आणि 1853 साली तिकीट लावून नाटक केले. विष्णुपंत छत्रे हे पटवर्धनांच्या पागेत वाढलेले नामांकित घोडेस्वार. मुंबईत परदेशी सर्कस आलेली पाहून हे काम आपल्यालाही करता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. 1880 च्या सुमारास त्यांनी आपली सर्कस उभी केली व तंबू घेऊन ते देशभर आणि देशाबाहेरही फिरले. हे विष्णुपंत गाण्याचे मोठे दर्दी होते आणि ग्वाल्हेरला राहून गाणे शिकलेही होते. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ हे अलौकिक गवई विपन्नावस्थेत दिवस काढीत असता त्यांनी त्यांना आपल्याबरोबर घेतले आणि सर्कशीसोबत गावोगाव सांभाळले. एकाच तंबूच्या आधाराने वाघ, घोडे आणि ख्यालगायन अशी तिन्ही नांदली!

सांगायचा मुद्दा असा, की या विष्णूंनी राजाचे दार सोडून लोकांचे दार ठोठावले. दोन आणे, चार आणे देणारा साधा माणूस हाच त्यांचा नवा राजा झाला. विष्णू दिगंबर तर याही पुढे गेले.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. मूळ आडनाव गाडगीळ, परंतु पलूस गावावरून घराण्याला पलुस्कर म्हणू लागले. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. मुलगा इंग्रजी शाळेत शिकत होता, आणि सारे सुरळीत चालते तर कदाचित एखाद्या कचेरीत कारकून होऊन निवृत्त झाला असता. पण लहानपणीच दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाच्या अपघाताने त्याच्या डोळ्यांना इजा झाली. पुस्तक वाचणे कठीण झाले आणि शाळा सुटली. उपचारासाठी त्याला मिरजेला नेले. ज्याचे डोळे अधू झाले त्याने कानावर जगावे, असा विचार पुढे आला आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याचे शिक्षण सुरू झाले.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गुरू. विद्येसाठी त्यांनी स्वतः उत्तरेकडची पायपीट आणि अतोनात हाल सोसले होते. त्या काळी गुरूच्या घरी शिकणे म्हणजे पाणी भरणे, झाडलोट करणे, गुरूची मर्जी सांभाळणे आणि ते गातील तेव्हा ऐकणे. वही नाही, अभ्यासक्रम नाही, आज काय आणि उद्या काय याचा ठाव नाही. विष्णूने अशी सुमारे बारा वर्षे काढली. मिरजेच्या संस्थानिकांची त्याच्यावर मर्जी होती आणि त्याच्या खर्चाची तरतूद तिकडूनच होत असे.

येथे एक प्रसंग त्यांच्या बहुतेक चरित्रांत येतो. मिरजेत एक मोठा समारंभ होता. विष्णू दिगंबरांना संस्थानिकांच्या मर्जीतले म्हणून निमंत्रण मिळाले, पण गुरूंना मिळाले नाही. कारण विचारले तेव्हा कळले, की गवयाला प्रतिष्ठितांच्या बरोबरीने बोलावण्याची पद्धतच नाही. गाणे ऐकायला गवई हवा, पंगतीला नको! या गोष्टीचा तरुण विष्णूच्या मनावर फार खोल परिणाम झाला. 1896 साली त्यांनी मिरज सोडली. राजाश्रय पुन्हा न घेण्याचा आणि गाणाऱ्याला समाजात मानाचे स्थान मिळवून देण्याचा निश्चय करूनच ते बाहेर पडले.

बरोबर एकदोन सोबती घेऊन ते सातारा, बडोदा, ग्वाल्हेर असे करीत काठेवाडात गेले. तेथे त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण गाणे ऐकायचे तर राजाचा दिवाणखाना किंवा कोठी, असा तो काळ होता. कोणीही तिकीट काढावे, खुर्चीवर बसावे आणि उत्तम ख्याल ऐकावा, ही कल्पनाच नवी होती. पुढे मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोचले आणि 5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कोठे कुरुंदवाड, कोठे लाहोर! भाषा परकी, ओळख थोडी आणि गाठीला पैसा नाही. संस्था चालायची ती लोकांच्या वर्गणीवर आणि त्यांच्या स्वतःच्या गायनाच्या उत्पन्नावर. असे सांगतात की आरंभी बरेच दिवस विद्यार्थीच येईनात, तेव्हा बुवा ठरल्या वेळी वर्ग उघडून स्वतःच तंबोरा घेऊन गात बसत. वेळापत्रक मात्र चुकवले नाही.

या शाळेत काय नवे होते? ठरलेली वेळ, ठरलेली फी, इयत्ता, छापील पुस्तके आणि परीक्षा. गाणे कागदावर उतरवता यावे म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. पुस्तके छापण्याचीही व्यवस्था केली. होतकरू परंतु गरीब मुलांसाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. या मुलांनी नऊ वर्षे संस्थेत राहायचे, जेवणखाण व शिक्षण फुकट, आणि नंतर गावोगाव जाऊन हीच विद्या शिकवायची. या वर्गातून व त्यांच्या हाताखालून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांच्यासारखी माणसे तयार झाली. प्रत्येक जण तानसेन होईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. चांगले गाणे ओळखणारे कान घरोघर तयार व्हावेत, हा त्यांचा मोठा हेतू होता.

याच ठिकाणी ही जीवनकथा मला आपली वाटू लागते. संगीतात 'घराणे' हा शब्द मोठ्या मानाने उच्चारला जातो आणि तो मान रास्तही आहे. पण ज्याच्या घरी ती विद्या नाही, त्याला घराण्याचे दार सहज उघडत नाही. आमच्या घरी कापसाचा हिशेब, सातबारा आणि एक पोथी यांखेरीज कागद नव्हता. आई भुलाबाईची गाणी सुरेख म्हणते, वडील भजनी मंडळात खंजिरी वाजवतात, पण दोघांपैकी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. माझ्यासारख्या मुलीला विद्येच्या घराण्यात जन्म नाही, तेव्हा तिला हवी असते ती शाळा : जिचे दार वेळेवर उघडते, जिची फी पाटीवर लिहिलेली असते आणि जिथे आडनावाची चौकशी न करता हजेरी घेतली जाते. विष्णू दिगंबरांनी गाण्यासाठी असे दार करून दिले. त्यांनी स्त्रियांनाही शिकवले, आणि चांगल्या घरच्या मुलीने गाऊ नये या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला.

आपल्या विदर्भापर्यंतही हा प्रवाह आला. त्यांचे शिष्य शंकरराव सप्रे यांनी नागपुरास संगीत विद्यालय चालविले. मूर्तिजापूरला 1920 साली जन्मलेले वसंतराव देशपांडे लहानपणी तेथेच शिकले. कृष्णाकाठची ही विद्या लाहोरला वळसा घेऊन वऱ्हाडच्या मुलापर्यंत पोचली ती शाळेच्या वाटेने.

1908 साली मुंबईत महाविद्यालय सुरू झाले. पुढे मोठी इमारत बांधली आणि त्यासाठी कर्ज काढले. बुवा दौरे करीत, मैफली करीत, आणि मिळेल तो पैसा संस्थेत ओतीत. याच काळात त्यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांतून 'वंदे मातरम्' गायिले. 1923 च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी गायनास हरकत घेतली, तरी बुवांनी गीत पुरे करूनच व्यासपीठ सोडले. दरम्यान त्यांचे मन रामनामाकडे अधिकाधिक ओढले जात होते. अंगावर भगवी वस्त्रे आली, नाशकात आश्रम झाला. इकडे कर्जाचे हप्ते थकत गेले आणि अखेर मुंबईची ती इमारत लिलावात गेली. स्वतःसाठी घर न बांधता जी वास्तू उभारली तीच हातची गेली, याचे दुःख केवढे असेल! घरातही दुःखाला तोटा नव्हता. त्यांची बहुतेक अपत्ये लहानपणीच दगावली. वाचलेला मुलगा दत्तात्रेय वडिलांच्या मृत्यूसमयी जेमतेम दहा वर्षांचा होता. तेच पुढचे विख्यात गायक डी. व्ही. पलुस्कर. तेही 1955 साली ऐन चौतिशीत गेले. 21 ऑगस्ट 1931 रोजी विष्णू दिगंबरांनी मिरजेत देह ठेवला. जेथून मानासाठी बाहेर पडले तेथेच ते शेवटी परतले.

थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या मर्यादाही सांगाव्यात असे आमचे सर वर्गात सांगतात, म्हणून दोन गोष्टी नोंदवते. पहिली अशी, की वर्गात तीस मुले बसवून आणि परीक्षेचे कागद देऊन गवई घडत नाही, हा जाणकारांचा आक्षेप खोटा नाही. बुवांचे जे शिष्य मोठे झाले ते वर्षानुवर्षे त्यांच्या सहवासात राहिलेले होते, म्हणजे शाळेच्या आतही गुरुकुलच चालले होते. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देताना त्यांनी बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून तेथे भक्तीचे घातले. गाणे देवघरात आले खरे, पण ज्या कलावंतिणींनी आणि उस्तादांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले, त्यांना या नव्या प्रतिष्ठेत फारशी जागा मिळाली नाही. मिरजेच्या समारंभात गुरूंना जागा नव्हती, हे ज्यांना इतके लागले, त्यांच्या चळवळीबाहेरही काही माणसे उभीच राहिली. हे लक्षात ठेवल्याने बुवांचे मोठेपण कमी होत नाही, आपली समज मात्र वाढते.

त्यांचे नामबंधू भातखंडे यांचा मार्ग निराळा होता. ते पदवीधर वकील. त्यांनी देशभर फिरून, उस्तादांकडून चिजा मिळवून शास्त्र रचले, दहा थाटांची मांडणी केली आणि 1916 साली बडोद्यास संगीत परिषद भरवली. लखनौला 1926 साली त्यांच्या प्रयत्नाने संगीत महाविद्यालय निघाले. एका विष्णूने ग्रंथ दिले, दुसऱ्याने शाळा दिली. दोघांच्या स्वरलेखनपद्धती वेगळ्या आणि आजही दोन्ही चालू आहेत, त्यामुळे संगीताच्या विद्यार्थ्याला कोणत्या विष्णूची पद्धत, असे विचारावेच लागते!

बुवांच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस जमून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत त्याच्या परीक्षा आजही होतात. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची मुलगी तालुक्याच्या गावी एस. टी.ने जाऊन हार्मोनियम शिकते आणि 'प्रवेशिका'ची तयारी करते. तिच्या घरी कोणी गवई नाही. कुरुंदवाडच्या ज्या मुलाची शाळा डोळ्यांमुळे सुटली, त्यानेच तिच्यासाठी ही इयत्ता ठरवून ठेवली आहे, हे तिला अजून ठाऊक नसेल.

मुंबईची इमारत गेली, लाहोर तर 1947 साली परक्या देशात गेले. राहिली ती शिकवण्याची रीत आणि ती पुढे नेणारी माणसे. आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहोत. आपल्या आयांच्या भुलाबाईच्या गाण्यांना आणि आपल्या जिल्ह्यातल्या कोलामांच्या दंडारीला अजून वही मिळालेली नाही, इयत्ताही नाही. ती लिहून घेण्याचे काम आपण सुट्टीत आपल्याच घरापासून सुरू करू शकतो. तेवढ्यासाठी लाहोरला जाण्याची गरज नाही.