रविवारची सुट्टी आणि नारायण मेघाजी लोखंडे

अंकुशनगरच्या साखर कारखान्याभोवतीच्या गावांत पाठीवर मोठी बॅग लावून मोटारसायकलवर पार्सल वाटणारी आपली पोरं आता रोज दिसतात. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, पैसे पार्सलमागे. रविवारी विहारात वंदनेला बोलावलं तर येत नाहीत. पार्सल रविवारीही येतात. त्यांच्यासमोर लोखंडेंचं नाव काढलं, तर एकालाही माहीत नव्हतं. म्हणून हे लिहीत आहोत.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यात, माळी समाजातल्या गरीब कुटुंबात झाला. आधी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग मुंबईच्या मांडवीतल्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही खुर्ची मधली. वर मालक आणि मॅनेजर, खाली सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणारे कामगार. वरच्यांना गिरणी हिशेबाच्या वहीत दिसायची. बोट तुटलेला माणूस त्या वहीत नसायचा. लोखंडेंना दोन्ही दिसत होतं.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ बंद पडलं, तेव्हा 1880 मध्ये लोखंडेंनी ते मुंबईतून चालवायला घेतलं. पुढे नोकरीही सोडली. पगाराची खुर्ची सोडणं सोपं नव्हतं, आजही नाही.

1875 पासून मालकांची संघटना होती, कामगारांची नव्हती. सप्टेंबर 1884 मध्ये लोखंडेंनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या आपल्या पोरांनी नीट वाचाव्यात. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय. आज पार्सल टाकताना पाय मोडला की ॲपवर आयडी बंद होतो आणि भेटायचं कुणाला, हेच कळत नाही. निदान गिरणीचा मालक तरी कोण, हे तेव्हा माहीत असायचं!

पुढची सहा वर्षं सभा आणि अर्जांत गेली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10,000 कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

याच काळात विधवांच्या केशवपनाविरुद्ध न्हाव्यांनी केलेल्या संपामागेही लोखंडे होते. 1897 च्या प्लेगमध्ये ते रुग्णांसाठी धावले, त्यांनाही लागण झाली आणि 9 फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. 2005 साली भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

पोरांची बैठक आता आम्ही मंगळवारी रात्री दहानंतर, शेवटचं पार्सल टाकून झाल्यावर ठेवली आहे. 1884 चं ते निवेदन वाचायचं आणि प्रत्येकाने आपल्या मागण्या कागदावर लिहायच्या. सह्या करायला अजून तिघेजण घाबरतात.