फ्रँक शुमन आणि आरशांची सावली

कारखान्यांच्या खिडक्यांत तारेची जाळी बसवलेली काच असते. तडकली तरी तिचे तुकडे जाळीला धरून राहतात. ही काच तयार करण्याची पद्धत फ्रँक शुमन या अमेरिकी संशोधकाने १८९२ साली शोधली. १८६२ मध्ये ब्रुकलिन येथे जन्मलेल्या शुमन यांनी अशा शोधांतून पैसा मिळवला आणि उन्हावर चालणाऱ्या इंजिनाच्या ध्यासात तो ओतला.

फिलाडेल्फियातील टॅकोनी भागात १९०७ साली त्यांनी काचेने झाकलेल्या पेटीत काळ्या नळ्या ठेवून त्यांतल्या ईथरची उन्हाने वाफ केली आणि तिच्यावर छोटे इंजिन चालवून दाखवले. १९११ मधला त्यांचा मोठा संच पाण्याच्या वाफेवर चालला. पण त्याच्या पेट्या दिवसभर एकाच दिशेला असत. त्यामुळे भर दुपारी जोर आणि सकाळ-संध्याकाळी मरगळ, असा प्रकार होई.

पुढचा संच इजिप्तमध्ये उभारायचे ठरले. तेथे ऊन मुबलक, कोळसा मात्र परदेशातून येणारा व महाग, आणि शेतीला नाईलचे पाणी उपसून देण्याची गरज मोठी. चार्ल्स व्हर्नन बॉइज या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने पन्हळीसारखा अंतर्वक्र आरसा आणि त्याच्या नाभीरेषेवर बॉयलर अशी रचना सुचवली. शुमन यांनी ती स्वीकारली. १९१३ साली कैरोजवळ माआदी येथे अशा पाच पन्हळी उभ्या राहिल्या. प्रत्येक सुमारे ६२ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उत्तर-दक्षिण मांडलेली. सकाळी त्यांचे तोंड पूर्वेला असे आणि सूर्याबरोबर त्या आपोआप पश्चिमेकडे कलत.

खरी मेख इथेच होती. सूर्य क्षितिजाजवळ असताना पन्हळ भिंतीसारखी उभी होते आणि तिची सावली मागच्या पन्हळीवर पडते. ओळी जवळ आणल्या तर सकाळ-संध्याकाळचे ऊन बुडते. लांब नेल्या तर जागा आणि नळ लागतात, वाटेत उष्णताही गळते. ढोबळ हिशेब असा, की दोन ओळींच्या मध्यांतील अंतर आरशाच्या रुंदीच्या दुप्पट ठेवले, तर सूर्य ३० अंश वर आल्यावर सावली पूर्ण हटते. शुमन यांनी ओळींमध्ये सुमारे साडेसात मीटर अंतर ठेवले.

आजच्या सौर पॅनेलना आणखी एक पळवाट आहे. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने सावलीची अरुंद पट्टीही बरीच वीज घटवते. म्हणून सकाळी संगणक पॅनेल सूर्यासमोर पूर्ण उभे न करता मुद्दाम थोडे आडवे ठेवतो. ऊन तिरपे पडते, पण शेजारची ओळ मोकळी राहते. अंतर्वक्र आरशाला ही सवलत नाही. तो थोडा जरी चुकीचा वळला, तरी परावर्तित किरण बॉयलरला चुकवून निघून जातात. शुमन यांच्या हाती होते ते फक्त अंतर.

पहिले बॉयलर जस्ताचे होते. ते उष्णतेने नरम पडून वाकले, तेव्हा ओतीव लोखंडाचे बसवावे लागले. उन्हाच्या तीव्रतेबद्दल याहून चांगला दाखला कोणता! त्यानंतर संचाने पन्नासहून अधिक अश्वशक्ती दिली आणि मिनिटाला वीस हजार लिटरहून जास्त पाणी उपसले. इजिप्तमधील ब्रिटिश सत्तेचे प्रमुख लॉर्ड किचनर प्रभावित झाले आणि सुदानमध्ये मोठ्या संचासाठी जमीन देऊ केली गेली. जर्मन सरकारनेही आपल्या आफ्रिकी वसाहतीसाठी दोन लाख मार्क देण्याची तयारी दाखवली.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. माआदीचे अभियंते आपापल्या देशी परतले, संच बंद पडला. शुमन यांचे २८ एप्रिल १९१८ रोजी, युद्ध संपण्यापूर्वीच, निधन झाले. पुढे खनिज तेल स्वस्तात मिळू लागले आणि पन्हळी विस्मरणात गेल्या. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९८४ पासून त्या पुन्हा ओळीने उभ्या राहिल्या, उत्तर-दक्षिणच, मध्ये मोकळी जागा सोडून.